अल्सरेटिव्ह कोलायटिस: त्रास थांबतो, आजार का थांबत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय २९ वर्षे. दीड वर्षापूर्वी शौचावाटे रक्त आणि आव पडू लागल्यावर दुर्बिणीने तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे निदान झाले. स्टिरॉइड आणि मेसालामाइन या औषधांनी महिनाभरात त्रास पूर्ण थांबला. पुढे सहा महिने काहीच जाणवले नाही म्हणून आपण मेसालामाइन बंद केले, आणि आता पुन्हा दिवसातून चार-पाच वेळा रक्तासह शौचास जावे लागत असल्याने घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आपण पाच दिवसांपूर्वी स्वतःहून सुरू केल्या आहेत. आजार मुळासकट का जात नाही, खाण्यात काही चुकले का, औषधे जन्मभर घ्यावी लागतील का, कर्करोग होईल का आणि मूल होण्यात अडचण येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. पोटविकारांवर उपचार करताना हेच प्रश्न मला वारंवार विचारले जातात. औषधांविषयीचे उत्तर पटण्यासाठी आजाराचे स्वरूप आधी समजून घ्यावे लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मोठ्या आतड्याच्या भिंतीला अनेक थर असतात आणि या आजारात दाह होतो तो प्रामुख्याने सर्वांत आतल्या थराला, म्हणजे अस्तराला. अस्तरावर एरवी चिकट स्रावाचे आवरण असते. त्याच्या एका बाजूला आतड्यातील अगणित जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला शरीराची प्रतिकारयंत्रणा, असा हा शेजार निरोगी माणसात जन्मभर बिनबोभाट चालतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्यांमध्ये हे आवरण विरळ झालेले असते, अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल पडलेले असतात, आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या जिवाणूंवरही प्रतिकारयंत्रणा शत्रू समजून तुटून पडते. पांढऱ्या पेशी अस्तरात घुसतात, अस्तर सोलवटते, त्यातून रक्त आणि स्राव झिरपतो, पाणी शोषून घेण्याचे काम बिघडते आणि सुजलेल्या गुदाशयाला थोडासा मळही थोपवून धरता येत नाही. एखादा जंतू या सगळ्याच्या मुळाशी असता, तर त्याला मारून प्रकरण मिटले असते. इथे मारण्यासारखा कोणी एक जंतू सापडलेला नाही. प्रतिकारयंत्रणेला लागलेले हे वळण औषधांनी आवरता येते, कित्येक वर्षे पूर्ण शांत ठेवता येते, परंतु ते पुसून टाकणारे औषध अजून हाती आलेले नाही. आजार ‘मुळासकट’ जात नाही याचा अर्थ एवढाच आहे, आणि त्यात रुग्णाचा काही दोष नसतो.

या आजाराची चाल ठरावीक असते. सुरुवात गुदाशयापासून होते आणि दाह वरच्या दिशेने सलग चढत जातो. मध्येच निरोगी भाग आणि पुढे पुन्हा दाह असे सहसा दिसत नाही. काहींमध्ये तो गुदाशयापुरताच राहतो, आपल्यासारख्या काहींमध्ये डाव्या बाजूने प्लीहेजवळच्या वळणापर्यंत पोहोचतो आणि काहींमध्ये त्याही पलीकडे पसरून जवळजवळ संपूर्ण मोठे आतडे व्यापतो. २००५ साली माँट्रियल येथे ठरलेल्या वर्गीकरणात हेच तीन गट आहेत, आणि ही विभागणी कागदोपत्री ठेवण्यापुरती नाही, कारण औषध तोंडावाटे द्यायचे की गुदद्वारावाटे आणि कर्करोगाची देखरेख किती कडक ठेवायची हे बरेचसे त्यावरून ठरते. याच कुळातला दुसरा आजार म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो, तुकड्या-तुकड्यांनी पसरतो आणि भिंतीच्या सर्व थरांत खोलवर जातो, त्यामुळे आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे हे त्रास त्यात अधिक आढळतात. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन केले, तर न्यूयॉर्कच्या क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९३२ मध्ये आला. या दोन आजारांची औषधे बरीचशी सारखी असली तरी पुढची वाटचाल वेगळी असते, म्हणून दुसऱ्या कोणाचा अनुभव ऐकताना त्यांना नेमका कोणता आजार आहे हे आधी विचारून घ्यावे.

लक्षणांपैकी रक्त, आव, जुलाब आणि पोटात येणारा मुरडा ही सर्वांना ठाऊक असतात. रुग्णाला प्रत्यक्षात सर्वांत जास्त छळते ती घाई. शौचाची भावना आली की दोन मिनिटेही थांबता येत नाही, जाऊन बसले तर थोडेसे रक्त आणि आवच पडते, आणि उठल्यावर पुन्हा पोट साफ न झाल्याची भावना उरते. बाहेर पडण्याआधी वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे याचा हिशोब करणारे रुग्ण मी रोज पाहतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ही गोष्ट आपणहून सांगावी, कारण शौचाच्या संख्येइतकेच महत्त्व तिलाही आहे. झोपेतून उठवणारे जुलाब हीदेखील सांगण्याजोगी खूण आहे, कारण केवळ आतड्याच्या संवेदनशीलतेमुळे, म्हणजे ज्याला आयबीएस म्हणतात त्यामुळे, होणारा त्रास झोपेत सहसा शांत असतो.

दाह गुदाशयापुरता किंवा डाव्या भागापुरता असेल तर जुलाबांऐवजी चक्क बद्धकोष्ठ दिसू शकते. खालचा भाग सुजलेला असल्यामुळे मळ वरच्या निरोगी भागात अडून राहतो, रुग्ण दिवसातून आठ वेळा जाऊन रक्त आणि आव टाकतो आणि तरीही खरा मळ दोन-दोन दिवस पडत नाही. अशा रुग्णाला जुलाब थांबवणारे औषध दिले तर त्रास वाढतो, आणि केवळ मूळव्याध समजून मलम लावत बसले तर महिने वाया जातात. मूळव्याधीचे रक्त बहुधा शौचाच्या शेवटी, लाल थेंबांच्या स्वरूपात आणि मळापासून वेगळे पडते. कोलायटिसचे रक्त आवेत आणि मळात मिसळलेले असते. हा फरक अचूक नाही, पण चार आठवड्यांहून अधिक काळ आवेसह रक्त पडत असेल तर दुर्बिणीने तपासणी टाळू नये, एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे.

निदान एका चाचणीवर होत नाही. आधी मळाची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे लागते, कारण अमिबामुळे होणारा आतड्याचा दाह हुबेहूब असाच दिसू शकतो आणि त्यात अजाणता स्टिरॉइड दिले गेले तर आतडे फाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आतड्याचा क्षय सहसा लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला होतो, त्यामुळे तो क्रोन्सशी अधिक गल्लत करतो, परंतु त्याचाही विचार करावा लागतो. त्यानंतर दुर्बीण. निरोगी अस्तर फिकट गुलाबी आणि चकचकीत असते आणि त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी स्पष्ट दिसते. दाह सुरू झाला की सर्वांत आधी ती जाळी पुसट होते, मग अस्तर लालसर आणि दाणेदार होते, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येते आणि शेवटी उघडे व्रण दिसतात. आपल्या अहवालात मेयो श्रेणी ० ते ३ अशी लिहिलेली असेल तर ती याच पायऱ्यांची नोंद आहे. ज्या ठिकाणी अस्तर चांगले दिसते तिथूनही तुकडे घेतले जातात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दीर्घकालीन दाहाच्या खुणा आहेत की तात्पुरत्या संसर्गाच्या, हे त्या तुकड्यांवरूनच कळते.

खाण्यात काही चुकले का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. अमुक एक पदार्थ खाल्ल्याने हा आजार झाला असे कोणाच्याही बाबतीत सिद्ध करता आलेले नाही. दाहक आतडीविकारांशी संबंध असलेली २०० हून अधिक स्थाने मानवी जनुकसंचात सापडली आहेत, तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर दुसऱ्याला तो बहुतेक वेळा होत नाही. म्हणजे आनुवंशिकता जमीन तयार करते, परंतु त्यात काय पेरले जाते हे वातावरण, आतड्यातील जिवाणूंची घडण आणि आपल्याला अद्याप नीट न उलगडलेल्या अनेक गोष्टींवर अवलंबून असते. धूम्रपानाचे उदाहरण चमत्कारिक आहे. क्रोन्स आजार त्याने बिघडतो, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस धूम्रपान करणाऱ्यांत तुलनेने कमी आढळतो आणि सिगारेट सोडल्यानंतरच्या काळात त्याची शक्यता वाढते. हे वाचून कोणी सिगारेट हातात घेऊ नये. हृदय आणि फुप्फुसांची होणारी हानी या लाभाच्या कित्येक पट आहे. मानसिक ताणाने आजार निर्माण होत नाही, परंतु असलेला आजार ताणाच्या काळात उचल खातो असे रुग्ण सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

पथ्याचे काय, हा प्रश्न त्यातूनच येतो. उचल सुरू असताना कोंडा, साली, बिया आणि कच्च्या भाज्या कमी केल्या तर पोटातला मुरडा आणि शौचाची संख्या थोडी कमी होते. आजार शांत झाल्यावर त्या हळूहळू परत सुरू कराव्यात. दूध पचत नसेल तरच बंद करावे. अस्तराचा दाह पथ्याने बरा होत नाही, उलट एकेक पदार्थ वगळत गेलेल्या रुग्णाचे वजन, प्रथिने आणि हिमोग्लोबिन घसरलेले मी अनेकदा पाहतो. पथ्याच्या यादीपेक्षा मी वेदनाशामक गोळ्यांबद्दल अधिक आग्रही असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी शांत असलेला आजार उफाळू शकतो. डोके किंवा सांधे दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे आणि दातांच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्याला हा आजार आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे.

आता मुख्य मुद्दा. त्रास थांबणे आणि अस्तर भरून येणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्या एकाच दिवशी घडत नाहीत. औषध सुरू झाल्यावर आधी रक्त थांबते, मग शौचाची संख्या आणि घाई कमी होते, दुर्बिणीतून दिसणारे अस्तर त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुधारते, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा दाह त्याच्याही मागे रेंगाळतो. आपल्याला ‘पूर्ण बरे’ वाटत होते त्या काळात अस्तरात दाह शिल्लक असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून आता उपचारांचे ध्येय केवळ लक्षणे थांबवण्याचे राहिलेले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत अस्तर भरून येणे हे दीर्घकालीन ध्येय म्हणून स्पष्टपणे नोंदवले आहे. दर वेळी दुर्बीण घालणे शक्य नसते, म्हणून मळातील कॅलप्रोटेक्टिन मोजतात. पांढऱ्या पेशींतले हे प्रथिन दाह असेल तर मळात वाढते. लक्षणे नाहीत आणि कॅलप्रोटेक्टिन प्रति ग्रॅम १५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आहे, अशा रुग्णाच्या आतड्यात सक्रिय दाह असण्याची शक्यता कमी असते. लक्षणे नसतानाही तो आकडा चढत चालला असेल तर पुढच्या काही महिन्यांत उचल येण्याचा तो इशारा समजावा.

शांत काळातली औषधे नेमके काय करतात याचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मेसालामाइनवर शांत असलेल्या ९९ रुग्णांचा त्यात दोन वर्षे मागोवा घेतला होता. औषध नियमित घेणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के रुग्णांचा आजार शांत राहिला, तर अनियमितांपैकी ३९ टक्क्यांचाच. अभ्यास लहान आहे, तरी रोजच्या अनुभवाशी तो जुळतो. औषधे जन्मभर का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की दीर्घकाळ, म्हणजे अनेक वर्षे, हे गृहीत धरावे आणि मात्रा कमी करण्याचा निर्णय दुर्बीण व कॅलप्रोटेक्टिन पाहून घ्यावा. ‘आता काही होत नाही’ या भावनेवरून तो घेऊ नये. मेसालामाइन हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी औषध आहे. वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासले की बहुतेकांना पुरते. क्वचित एखाद्याला त्याचीच ॲलर्जी असते आणि औषध सुरू केल्यावर जुलाब व ताप वाढतो. तसे झाले तर ते थांबवून डॉक्टरांना कळवावे. दिवसाची संपूर्ण मात्रा एकाच वेळी घेतली तरी ती तितकीच गुणकारी असते, त्यामुळे दुपारची गोळी विसरली ही सबब उरत नाही.

आपल्या बाबतीत मला सर्वांत खटकले ते हे की आपल्याला एनिमा, म्हणजे गुदद्वारावाटे आत सोडायचे पातळ औषध, दिल्याचा उल्लेख आपण केलेला नाही. डाव्या बाजूच्या आजारात गोळी आणि एनिमा दोन्ही एकत्र दिल्यास एकट्या गोळीपेक्षा लवकर आणि अधिक गुण येतो, हे पक्के ठाऊक आहे. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधी वडी, गुदाशयापुरतीच काम करते, एनिमाचे औषध मात्र प्लीहेजवळच्या वळणापर्यंत पोहोचू शकते. संकोचामुळे किंवा पहिल्या दोन दिवसांत औषध बाहेर आल्यामुळे अनेक जण तो सोडून देतात. रात्री झोपण्याआधी शौचास जाऊन यावे, बाटली कोमट पाण्यात धरून शरीराच्या तापमानाइतकी करावी, नीट हलवावी, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, नळीच्या टोकाला थोडे वंगण लावून ती सावकाश आत सरकवावी आणि औषध हळूहळू दाबून सोडावे. अर्धा तास त्याच कुशीवर पडून राहावे आणि शक्यतो रात्रभर औषध आत ठेवावे. सुजलेला गुदाशय सुरुवातीला ते दहा मिनिटांतच बाहेर फेकतो. त्याने खचून जाऊ नये, सूज उतरू लागली की धरून ठेवण्याचा वेळ आपोआप वाढतो.

स्टिरॉइडविषयी थोडे कडक लिहितो. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची चाचणी केली. सहा आठवड्यांत कॉर्टिसोन घेतलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के, तर कॉर्टिसोन न मिळालेल्या दुसऱ्या गटातील सुमारे १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. त्याआधी तीव्र झटक्यात माणसे दगावत असत, हे लक्षात घेतले तर या औषधाने केवढा पल्ला गाठला ते कळते. तरीही शांत झालेला आजार शांत ठेवण्याचे काम स्टिरॉइड करत नाही, आणि हाडांची झीज, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, संसर्ग ही त्याची किंमत मात्र महिन्यागणिक वाढत जाते. ते सुरू करताना कधी आणि कसे थांबणार हे ठरलेले असावे. सहसा दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपासून सुरुवात करून दोनेक महिन्यांत क्रमाक्रमाने शून्यावर आणतात. घरात उरलेल्या गोळ्या मनाला येईल त्या मात्रेत घेतल्याने दाह अर्धवट दबतो, तपासणीचे निकाल फसवे येतात आणि मूळ औषध अपुरे पडत आहे हे डॉक्टरांच्या ध्यानात उशिरा येते. सध्या आपण जी मात्रा घेत आहात ती आजच डॉक्टरांना कळवा. मळाची तपासणी, त्यातही क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल या जिवाणूच्या विषाची चाचणी, रक्तातील सीआरपी (दाह असताना वाढणारे प्रथिन) आणि हिमोग्लोबिन आधी करून घ्या, कारण उचल वाटणारा प्रत्येक त्रास उचलच असतो असे नाही. काही आठवडे सलग स्टिरॉइड घेतले असेल तर ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते. मेसालामाइन पुन्हा पूर्ण मात्रेत, एनिमासह सुरू केल्यावर आपल्यासारख्या बऱ्याच रुग्णांना स्टिरॉइडची गरजच पडत नाही.

तीन महिन्यांत मात्रा १० मिलिग्रॅमच्या खाली आणता आली नाही किंवा स्टिरॉइड थांबवल्यावर तीन महिन्यांच्या आत त्रास उलटला, तर आजार स्टिरॉइडवर अवलंबून आहे असे समजून पुढच्या पायरीवर जायचे असते. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या ॲझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. ते सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची चाचणी करावी आणि पुढे रक्तपेशी नियमित मोजाव्यात, कारण काहींच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरतात. २००५ पासून या आजारात इन्फ्लिक्सिमॅब वापरात आले. त्यानंतर मुख्यत्वे आतड्यापुरते काम करणारे व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, आणि टोफॅसिटिनिब, उपॅडॅसिटिनिब या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या आल्या. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची व हिपॅटायटिस बीची चाचणी अनिवार्य आहे, कारण ती औषधे निद्रिस्त क्षयाला जागे करू शकतात. नावे पाहून घाबरू नये. वर्षानुवर्षे अधूनमधून स्टिरॉइड घेत राहण्यापेक्षा यातले योग्य ते औषध वेळेवर घेणे अधिक सुरक्षित असते, असे माझे ठाम मत आहे.

काही वेळा मात्र बाह्यरुग्ण विभागात थांबू नये, थेट रुग्णालयात दाखल व्हावे. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तासह शौच होत असून त्यासोबत नाडी मिनिटाला ९० हून जास्त, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची चाचणी) ३० च्या वर यांपैकी एक जरी असेल, तर तो तीव्र झटका मानतात. हे निकषही ट्रुलव्ह आणि विट्स यांचेच आहेत आणि आजही तेच वापरतात. अशा वेळी लोपेरामाइडसारख्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. आतडे फुगून निकामी होण्याचा धोका असतो. पोट फुगले आणि जुलाब अचानक थांबले तर ते सुधारल्याचे लक्षण समजू नये. रुग्णालयात शिरेतून स्टिरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी हिशोब मांडतात: शौच अजूनही आठहून जास्त वेळा होत असेल, किंवा संख्या कमी असूनही सीआरपी ४५ च्या वर असेल, तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन सुरू करायचे की शस्त्रक्रिया करायची हा निर्णय लांबवत नाहीत. रक्त पडत असतानाही रक्त पातळ करणारी हेपॅरिनची इंजेक्शने दिली जातात, याने नातेवाईक गोंधळतात. दाहामुळे पायांच्या आणि फुप्फुसांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका या रुग्णांत वाढलेला असतो, म्हणून ती द्यावी लागतात.

मोठे आतडे पूर्ण काढून टाकणे हा एकच उपाय असा आहे की ज्यानंतर आतड्यातला दाह परत येत नाही, कारण दाह होण्यासाठी जागाच उरत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये लहान आतड्याच्या टोकाची पिशवी करून ती गुदद्वाराला जोडण्याची पद्धत मांडली, त्यामुळे मळासाठी पोटावर कायमची लावावी लागणारी बाहेरची पिशवी अनेकांची टळते. त्यानंतरही दिवसातून पाच-सहा वेळा शौचास जावे लागते आणि जोडलेल्या पिशवीला सूज येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. आपल्याला आज या विचाराची गरज नाही.

आतड्याबाहेरच्या तक्रारीही याच आजाराचा भाग असू शकतात: गुडघे-घोटे सुजणे, सकाळी कंबर आखडणे, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी येणे, डोळा लाल होऊन दुखणे. डोळ्याचे दुखणे आणि उजेड सहन न होणे त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. यकृताच्या चाचण्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले आढळले तर पित्तनलिकांच्या दाहाचा, म्हणजे पीएससीचा, शोध घ्यावा लागतो. थकव्यामागे बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते, आणि दाह सुरू असताना लोहाच्या गोळ्यांपेक्षा शिरेतून दिलेले लोह अधिक उपयोगी पडते.

कर्करोगाची शक्यता वाढते, हे खरे आहे, पण सर्वांची सारखी वाढत नाही. आजार जितका जुना, जितका पसरलेला आणि दाह जितका सतत धगधगता, तितकी ती अधिक. पीएससी असेल किंवा जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर आणखी जास्त. आजार केवळ गुदाशयापुरता असेल तर ती फारशी वाढत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पहिली देखरेखीची दुर्बीण करतात, शक्यतो आजार शांत असताना आणि अस्तरावर रंग फवारून, म्हणजे सपाट संशयास्पद भाग उठून दिसतात. पुढची तपासणी धोक्यानुसार एक ते पाच वर्षांनी होते. पीएससी असलेल्यांची मात्र निदान झाल्यापासून दरवर्षी करावी लागते. आपल्या लक्षणांचा पहिला महिना कोणता होता ते आत्ताच लिहून ठेवा, कारण आठ वर्षे निदानापासून नव्हे तर तिथून मोजायची असतात.

मूल होण्याविषयी. आजार शांत असताना स्त्रीची गर्भधारणेची क्षमता जवळजवळ इतरांइतकीच असते. पिशवी जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती काहीशी घटते. पुरुषांमध्ये सल्फासालाझिन या जुन्या औषधाने शुक्राणू कमी होतात आणि औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. दाह सुरू असताना गर्भधारणा झाली तर साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा त्रास तसाच राहतो, एक तृतीयांशांचा वाढतो आणि उरलेल्यांचाच कमी होतो. अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांची शक्यताही वाढते. म्हणून स्टिरॉइडशिवाय आजार किमान तीन, शक्य तर सहा महिने शांत राहिल्यावर आणि कॅलप्रोटेक्टिन पाहूनच पुढचा विचार करावा. मेसालामाइन गरोदरपणात आणि स्तनपानातही चालू ठेवतात, आणि गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून ते बंद करणे ही मला सर्वाधिक दिसणारी चूक आहे. ॲझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅबही बहुतेकींना सुरू ठेवता येतात; इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या मातेच्या बाळाला बीसीजीसारखी जिवंत लस किमान सहा महिने देत नाहीत, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवावे लागते. मेथोट्रेक्सेट मात्र गर्भाला घातक आहे आणि टोफॅसिटिनिबच्या गटातील गोळ्या या काळात टाळतात. आजाराची सध्याची उचल आवरल्यानंतर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही यादी सोबत न्या, फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचे ते विचारा आणि पोटविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांची एकमेकांशी गाठ घालून द्या.